सज्ज्यातला देवदूत

लिमा, १२ मे १७१९

लोरेन्सा,

हे पत्र न वाचता परत केलंस तरी मी रागावणार नाही. पण समोर आलेली अक्षरं वाचल्याशिवाय सोडणं तुला कधी जमलं नाही. धुण्याला आलेल्या कपड्यांवर शिवलेली नावंसुद्धा तू मोठ्याने वाचायचीस, आणि तुझी आई ओरडायची, "अगं भवाने, कपडा धू, वाचू नकोस!"

मी इनेस. आता मला सगळ्या आई इनेस म्हणतात. व्रत घेऊन डोक्यावर काळा पडदा आला त्याला तीस वर्षं होतील, आणि गेली चौदा वर्षं मठाचं गाणंबजावणं माझ्याकडे आहे. वय सत्तेचाळीस. पुढचे दोन दात गेले, त्यामुळे बाहोन आता वाजवता येत नाही, नुसतं शिकवते. पुरुषाचा गळा या भिंतींच्या आत यायचा नाही, म्हणून खर्जाची बाजू अजूनही त्याच कमरेएवढ्या लाकडी वाद्यावर चालते.

तू पिस्कोला आहेस हे मला फ्राय गास्पार नावाच्या साधूंकडून कळलं. सव्वीस वर्षांत प्रथमच. ते आपल्या मठाचा इतिहास लिहीत आहेत आणि त्यासाठी भेटीच्या खोलीत, जाळीपलीकडे बसून सगळ्यांना प्रश्न विचारतात. परवा गप्पांच्या ओघात म्हणाले, "पिस्कोत मिश्र रक्ताच्या लोकांचं एक छोटं देऊळ आहे. तिथं एक बाई बाहोन वाजवते, काय सांगू! कुंभाराची बायको आहे. वाजवताना डावा खांदा असा वर घेते, जणू कुणी कानात सांगतंय आणि तिला ऐकायचं नाही."

मी आजवर कितीतरी जणींना शिकवलं. तसा खांदा दुसऱ्या कुणाचा नाही.

आता मुद्द्याचं. फ्राय गास्पारांच्या पुस्तकात सातवं प्रकरण माझं आहे. त्यांनी मला ते वाचून दाखवलं. सोळाशे एकोणनव्वद साली, कुमारी इनेस दे ओलावारिया हिची परीक्षा होती. घराणं थोर, रक्त शुद्ध, पण बाप वारलेला आणि हुंडा नाही. ख्रिस्ताची वधू व्हायलाही हुंडा लागतो. फक्त वाजवणारीला माफ असतो. खाली चर्चमध्ये कॅथेड्रलचे गायनगुरू आणि बिशपांचे अधिकारी बसलेले. वर सज्ज्यात, जाळीमागच्या काळ्या पडद्याआड, इनेस तिजाऱ्या तापाने फणफणलेली, वाद्य उचलण्याची ताकद नाही. तेवढ्यात स्वर्गातून देवदूत उतरला, त्याने वाद्य हाती घेतलं, आणि असा स्वर उमटला की गायनगुरूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

लोरेन्सा, ही गोष्ट मी रचलेली नाही, एवढं तरी मान. कुणीतरी म्हणालं, "जणू देवदूतच वाजवत होता." पुढच्या पाच वर्षांत तो 'जणू' गळून पडला. मी त्याला पडू दिलं.

ताप खरा होता. बाकी आपल्या तिघींनाच ठाऊक. तू धुण्याच्या हौदावरून ओल्या परकरानेच वर आली होतीस, माझ्या वह्या उचलायला. माझे दात कडकडा वाजत होते. आपल्या गुरू आई हेरोनिमांनी माझ्याकडे पाहिलं, खाली डोकावून पाहिलं, आणि बाहोन तुझ्या हातात दिलं.

"वाजव गं."

तू म्हणालीस, "मी? आई, माझी परीक्षा नाही."

"जाळीला डोळे नसतात. वाजव."

तू सोळा वर्षांची होतीस. माझ्यापेक्षा दसपटीने चांगलं वाजवायचीस, हे आपल्या दोघींनाही माहीत होतं. दोघी एकाच गुरूकडे शिकलो. तुझ्याकडे हात होते, माझ्याकडे रक्तशुद्धतेचा दाखला. त्या दिवशी दोन्हींची बेरीज झाली आणि काळा पडदा एकीला मिळाला.

पुढची चार वर्षं दुपारी सगळा मठ पेंगत असताना साबणाच्या कोठीत तू मला शिकवलंस. श्वास कुठे घ्यायचा, जीभ कुठे ठेवायची. "बाईसाहेब, तुम्ही फुंकता, वाजवत नाही," असं म्हणून हसायचीस. मी आज जी काही आहे, ती त्या कोठीत झाले. हे तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते, उपकार झाले गं तुझे.

मग तू गेलीस.

फ्राय गास्पारांना प्रकरणाखाली माझी सही हवी आहे. त्यांना काय सांगू?

इनेस

*

लिमा, ९ जून १७१९

लोरेन्सा,

तुझं पत्र मिळालं. सहा ओळी. मला पाठ झाल्या आहेत.

"एवढं लांबलचक लिहिलंत आणि शेवटी 'मग तू गेलीस'? मी गेले नाही, मला घालवलं. कुणी घालवलं ते लिहा. माझ्या आईबद्दल एक अक्षर नाही. तुमच्या त्या साधूला काय हवं ते सांगा, पण मला देवदूत करू नका. देवदूताला दुसऱ्या दिवशी बेचाळीस झगे धुवावे लागत नाहीत."

ही ओळ वाचून मला हसू आलं.

बरं, लिहिते.

सोळाशे त्र्याण्णवचा पवित्र आठवड्यातला गुरुवार. वाद्यं बंद ठेवण्याचे दिवस. आदल्या आठवड्यात आई हेरोनिमा वारल्या होत्या. आपलं गुपित जाणणारी तिसरी व्यक्ती गेली होती. तू त्यांच्यासाठी वाजवायला वाद्यांच्या कोठीत शिरलीस. किल्ली मीच तुला दिली होती. आई ग्रेगोरिया ओसरीवरून चालल्या होत्या, त्यांनी ऐकलं. दार उघडलं तर वाद्य तुझ्या हातात. पुढच्या तासाभरात काळ्या पडद्याच्या सगळ्या जणी सभागृहात जमल्या. तू मधोमध उभी, हातावर साबण वाळलेला.

आई ग्रेगोरियांनी विचारलं, "परीक्षेच्या दिवशी मी हेच वाजवणं ऐकलं होतं. हाच हात. आई इनेस, हिला किल्ली कुणी दिली?"

हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नव्हता हे मला कळलं. 'मी दिली' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याच्या पुढचा. माझा पडदा त्या दोऱ्याला लटकत होता.

मी म्हणाले, "मला माहीत नाही. चोरली असेल."

'माहीत नाही' इतकं पुरे होतं. 'चोरली असेल' हे कुणी विचारलं नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं.

तू माझ्याकडे पाहिलंस. काहीच बोलली नाहीस. तू तेव्हा बोलली असतीस तर मी आज पिस्कोत असते, किंवा आणखी कुठे तरी. मी वाट पाहत होते की तू बोलशील. तुझ्या त्या गप्प राहण्यावर माझी सव्वीस वर्षं उभी आहेत. मी आभार मानते ते मुख्यतः त्याचे. शिकवण्याचे नंतर.

संध्याकाळच्या घंटेआधी तुला गाठोड्यासकट फाटकाबाहेर काढलं.

आता तुझ्या आईचं. पास्क्वालाबाईंनी मठ सोडला नाही, कारण म्हातारपणी जाणार कुठे? वर्षभर त्यांनी माझे कपडे धुतले, पण हातात दिले नाहीत. उंबऱ्यावर ठेवायच्या आणि पाठ फिरवायच्या. मी घडी उलगडायचे, तर त्यात इतका स्वच्छ पांढरेपणा असायचा की अंगावर घालवत नसे.

मग त्यांना छातीचा विकार झाला. मी नोकरांच्या आजारघरात गेले. डोळे मिटलेले होते, तरी त्यांना कळलं.

"आलात? बसा. पण रडू नका. मला माझंच पुरे आहे."

मी बसले. अकरा दिवस रोज बसले. पेज भरवली तर खाल्ली. नवव्या दिवशी म्हणाल्या, "ती वाजवत असेल का हो कुठं?"

मी म्हटलं, "वाजवत असेल."

"तुम्हाला काय माहीत?"

"तिला वाजवल्याशिवाय राहवणार नाही."

त्यांनी पेजेची वाटी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "हे मात्र खरं बोललात."

त्यांनी मला क्षमा केली असं मी लिहिणार नाही. केली नाही. पण अकराव्या दिवशी माझा हात धरून गेल्या. जवळ दुसरा हात नव्हता म्हणूनही असेल.

नोकरांना मागच्या अंगणात पुरतात आणि तिथे वाद्य वाजत नाही, हा नियम तुला माहीत आहे. मी बाहोन घेऊन गेले आणि वाजवलं. तू शिकवलेलं, तुझ्या श्वासाने. महिनाभर जमिनीवर बसून जेवायची शिक्षा झाली. एवढी एक गोष्ट मी कुणाला न विचारता केली.

सगळं लिहिलं. आता तुला वाटेल ते कर.

इनेस

*

लिमा, ३ जुलै १७१९

लोरेन्सा,

तुझ्या यजमानांनी, मेल्चोरबाबांनी भाजलेली सुरई पोचली. वाटेत कान तुटला, पण पाणी गार राहतं. सोबत चिठ्ठी नव्हती. तू काही न लिहिता काहीतरी पाठवलंस, त्यावर मी आठवडाभर जगले.

इकडे एक नवीनच प्रकरण उभं राहिलंय, आणि त्यात मला तुझा सल्ला हवा आहे.

पेत्रोना नावाची पोर आहे, चौदा वर्षांची. बाप शिंपी, तुझ्यासारख्याच मिश्र रक्ताचा. आमच्या वेदीची वस्त्रं तोच शिवतो. पोर लहानपणापासून त्याच्याबरोबर फाटकापर्यंत यायची आणि आतलं गाणं ऐकत बसायची. दोन वर्षांपूर्वी मठाच्या प्रमुख, थोरल्या आई तेओदोरांनी तिला 'देवाला वाहिलेली' म्हणून आत घेतलं, म्हणजे झाडलोट, चूल आणि पाणी. मी तिच्या हातात बाहोन दिलं. आईशप्पथ सांगते, तुझ्यानंतर असा श्वास मी ऐकला नाही. तिला गाणाऱ्यांच्या रांगेत बसायचं आहे. निदान पांढऱ्या पडद्याची, खालच्या पायरीची ताई म्हणून तरी.

आई ग्रेगोरिया आता ऐंशीच्या आहेत, आवाज तोच. त्या म्हणतात, "नोकर नोकराच्या जागी. या लोकांच्या अंगात ताल असतो, भक्ती नसते. पवित्र गाणं शुद्ध रक्तातूनच येतं. आई इनेसचंच बघा ना. जिला वाद्य उचलवत नव्हतं, तिच्यासाठी स्वर्ग खाली आला. एखाद्या शिंप्याच्या पोरीसाठी आला असता का?"

ऐकलंस? माझं खोटं त्या पोरीच्या वाटेत आडवं टाकलंय.

त्यांचा पर्यायही तयार आहे. मार्केसांच्या, म्हणजे बड्या सरदारांच्या, घराण्यातली एक मुलगी यायची आहे, तिला थोडंफार वाजवता येतं. ती पडद्यापुढे बसेल आणि पेत्रोना मागून 'मदत' करेल. हे ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या मानेचं काय झालं ते मला आठवत नाही.

मी खरं सांगायचं ठरवते आहे. सांगितलं तर माझा पडदा जाऊ शकतो. या वयात मी जाऊ कुठे? मला बाहेरचा रस्ताही माहीत नाही, मी सहाव्या वर्षी आत आले. तुझं नाव घ्यावं लागेल. तुझी परवानगी आहे का?

इनेस

*

लिमा, १६ जुलै १७१९

लोरेन्सा,

तुझं उत्तर आजच मिळालं.

"तेव्हा विचारलं नाहीत, आता कशाला विचारता? छातीवरचं ओझं उतरवायचं असेल तर कबुलीच्या खुर्चीपाशी जा, ती त्यासाठीच आहे. पोरीसाठी सांगायचं असेल तर सभेत मोठ्याने सांगा. आणि नाव पूर्ण सांगा. लोरेन्सा पास्त्राना. मी कुणाची सावली नव्हते."

बरं.

मंगळवारी सभा आहे. नाव पूर्ण सांगेन.

*

लिमा, २८ जुलै १७१९

लोरेन्सा,

झालं. घाईत लिहिते आहे, अक्षर वाकडं आलंय. सांभाळून घे.

सभेला बिशपांकडचे अधिकारी, डॉन एस्तेबान, जाळीपलीकडे बसले होते. शेजारी फ्राय गास्पार वही उघडून. आत आम्ही एकोणचाळीस जणी. पेत्रोनाला दाराशी उभं केलेलं. आई ग्रेगोरियांनी आपलं म्हणणं मांडलं आणि माझ्या देवदूतापाशी येऊन थांबल्या. मी उभी राहिले.

मी म्हटलं, "तो देवदूत मी पाहिलाय. त्याचं नाव लोरेन्सा पास्त्राना. धोबीण पास्क्वाला हिची मुलगी. परीक्षेच्या दिवशी तिनेच वाजवलं."

मी थांबले नाही.

"मी तापात होते आणि तसंही मला इतकं येत नव्हतं. पुढे चार वर्षं तिने मला शिकवलं. सोळाशे त्र्याण्णवमध्ये जिला तुम्ही चोर म्हणून काढलंत, ती तीच. किल्ली मी दिली होती. चोरली असं मी खोटं सांगितलं. इथे बसलेल्या अकरा जणी त्या दिवशी हजर होत्या."

आई ग्रेगोरिया म्हणाल्या, "तिला भ्रम झालाय. वयाने होतं."

मी म्हटलं, "आई, तुम्हीच तर ओळखलं होतंत. 'हाच हात,' असं तुम्ही म्हणाला होतात. तुमचे कान सगळ्यांत चांगले होते. मी तुम्हाला खोटं पाडलं."

त्या खाली बसल्या. हे मी त्यांना दुखवायला बोलले नव्हते. पण सव्वीस वर्षांपूर्वी बरोबर असूनही त्या चुकीच्या ठरल्या होत्या, आणि हे त्यांना आज पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला वर्णन करता येणार नाही.

फ्राय गास्पार जाळीला नाक लावून म्हणाले, "आई, माझं सातवं प्रकरण लिहून झालंय हो! स्वच्छ प्रतसुद्धा काढली!"

कुणीतरी फिसकन हसलं. थोरल्या आई तेओदोरा म्हणाल्या, "फ्राय गास्पार, आठव्यापासून सुरू करा."

डॉन एस्तेबान मात्र हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "व्रत घेताना शब्द कुणी उच्चारले?"

"मीच."

"स्वखुशीने?"

"हो. तेवढं एक माझं होतं."

"मग पडदा राहील. देवाला दिलेला शब्द खरा आहे, माणसांना दिलेला खोटा आहे. माणसांची शिक्षा माणसं देतील."

शिक्षा अशी: गाण्याचं प्रमुखपद गेलं. सभेत बोलण्याचा आणि मत देण्याचा हक्क गेला, कायमचा. बसायला सगळ्यांत शेवटची जागा, कालच पडदा घेतलेल्या पोरींच्याही खाली. मी गुडघ्यावर बसून ऐकलं आणि उठताना मला कुणाच्या हाताची गरज लागली नाही. पायांत असं बळ कित्येक वर्षांत नव्हतं.

आता पेत्रोनाचं. लोरेन्सा, मी तुला फुगवून सांगणार नाही. काळा पडदा तिला मिळणार नाही. तो कायदा या भिंतींपेक्षा जुना आहे, तो माझ्या चार वाक्यांनी हलला नाही. तिला पांढरा पडदा मिळेल. पण ती गाणाऱ्यांच्या रांगेत बसेल, पडद्याआड नाही, आणि वादकांच्या नोंदवहीत तिच्या नावाने तिची नोंद होईल. मार्केसांच्या मुलीला वाजवायचं असेल तर तिने स्वतःचं वाजवावं, असा निकाल डॉन एस्तेबाननी दिला. यासाठी मतं घेतली. बावीस विरुद्ध सोळा. मला मत नव्हतं. बाविसावं मत आई ग्रेगोरियांचं होतं. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

थोरल्या आईंनी वादकांची जुनी वही मागवली. सोळाशे एकोणनव्वदच्या पानावर, माझ्या नावावर काट मारली नाही, पण त्याच्या वर स्वतःच्या हाताने लिहिलं: 'परीक्षेस वाजविणारी, लोरेन्सा पास्त्राना.' शाई वाळेपर्यंत मी बघत होते. अक्षरन् अक्षर तपासून घेतलं.

दाराशी उभ्या पेत्रोनाने नंतर मला ओसरीवर गाठलं. मला वाटलं आभार मानेल. ती म्हणाली, "आई, मग आता मला शिकवणार कोण?"

बघ, मुद्द्याचं फक्त तिलाच सुचलं. मला शिकवायला बंदी, आणि दात नाहीत ते वेगळंच. तिला शिकवण्याइतका खर्ज या मठात दुसऱ्या कुणाला येत नाही. हाच प्रश्न थोरल्या आईंनाही पडला. परवा मला बोलावून म्हणाल्या, "शिक्षा दिली ती दिली. पण सर्व संतांच्या सणाला वाजवणार कोण? तुमचा तो देवदूत कुठे असतो म्हणालात?"

सोबत त्यांचं पत्र आहे, मठाच्या मोहरेचं. वाच आणि वाटलं तर चुलीत घाल. ज्या फाटकातून तुला गाठोड्यासकट काढलं, तिथे परत ये असं म्हणायचा मला अधिकार नाही. मी म्हणतही नाही. म्हणणाऱ्या थोरल्या आई आहेत.

तू येवोस न येवोस, मला तुझे आभार मानू दे. सभेत मी उभी राहिले तेव्हा तुझं वाक्य माझ्याबरोबर होतं, 'नाव पूर्ण सांगा.' ते पूर्ण सांगताना माझा स्वर कापला नाही. इतकं स्वच्छ मी बाहोनवरही कधी वाजवलं नव्हतं.

इनेस

*

लिमा, १९ सप्टेंबर १७१९

लोरेन्सा,

हे पत्र पिस्कोला जाणार नाही, इथल्याच मालाम्बो वस्तीत तुमच्या बिऱ्हाडी जाईल. फाटकावरच्या फिरत्या कोनाड्यातून बाहेर दिलं की तासाभरात तुझ्या हाती. इतक्या जवळ पत्र लिहिणं वेडेपणाचं आहे, पण दुसरा मार्ग नाही. समोर असून मला तुझ्याशी बोलता येत नाही.

तुला कालच कळलं असेल. भेटीच्या खोलीत कुणी बाहेरचं आलं की आतल्या बाजूला एका आईने बसून सगळं ऐकायचं असतं, बोलायचं नसतं. मठात या कामाला कुणी तयार नसतं. तासन्‌तास बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. रांगेत शेवटची असेल तिच्या गळ्यात ते पडतं. आता शेवटची मी आहे.

तुझ्या पहिल्या शिकवणीला ऐकायला बसायचं काम माझ्याकडे आलं, ते कुणी मुद्दाम केलं की आपसूक झालं, मला माहीत नाही. थोरल्या आईंचा चेहरा अगदी कोरा होता.

तू आत आलीस. जाळीतून आधी शाल दिसली, मग केस. पांढरे झालेत. हातात तुझं स्वतःचं वाद्य होतं, मेल्चोरबाबांनी मागून बाक पुढे ओढून दिलं आणि ते बाहेर जाऊन बसले. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. मीही हलले नाही.

पेत्रोनाला म्हणालीस, "काय वाजवतेस ते वाजव. घाबरू नकोस, मी काही देवदूत नाही."

पोरीने वाजवलं. तू ऐकलंस. मग तू वाजवलंस.

मी सव्वीस वर्षं तो स्वर नुसता आठवत होते, आणि आठवताना त्याला अधिकाधिक गोड करत गेले होते. खरा स्वर तसा नाही. त्यात वारा आहे, वाळू आहे, आणि राग आहे. तो माझ्या आठवणीतल्या स्वरापेक्षा कितीतरी मोठा झालाय. माझ्या मनात आलं, आम्ही हिला बाहेर काढलं आणि हिने तिथे हे केलं! मला आनंदच झाला, दुसरं काही नाही. त्यात माझा काही वाटा नाही याचाही आनंद झाला.

तासभर शिकवलंस. तीनदा रागावलीस, एकदा हसलीस. पोरीला म्हणालीस, "अगं, ही काय फुंकणी आहे का, चूल पेटवायची?" ती खुदकन हसली, आणि पुढच्या वेळी तिचा सूर लागला. मी माझ्या कोपऱ्यात हात बांधून बसलेली.

मग शेवटी तिने लांबचा भाग वाजवला, आणि तो कुठेतरी बिनसला. तू बोट वर केलंस. तिला थांबवलंस. आणि मग जाळीतून थेट माझ्याकडे वळलीस.

"ऐकायला बसवलंय ना तुम्हाला? सांगा, कुठे चुकली?"

नियम असा की मी बोलायचं नाही. पेत्रोना माझ्याकडे बघत होती. बाहेर मेल्चोरबाबा कुणाशी तरी मडक्यांबद्दल बोलत होते, तेवढाच आवाज.

मी म्हटलं, "श्वास. दुसऱ्या ओळीच्या शेवटी. एक स्वर आधी घेतला."

तू वर केलेलं बोट खाली घेतलंस.

मग म्हणालीस, "बरोबर."

आणि पोरीकडे वळून, "ऐकलंस ना? परत घे, दुसऱ्या ओळीपासून."

इनेस